आईच्या घंगाळाचा डॉलरातला भाव

मी खोटं बोलत नाही, वाढवून सांगतो. या दोन गोष्टींमध्ये नांदेड ते लातूर एवढं अंतर आहे, आणि ते अंतर मी लोहा, अहमदपूर, चाकूर करत इतक्या वेळा कापलंय की वाटेतल्या खड्ड्यांना मी नावानं हाक मारतो. नांदेडला माझं भांड्यांचं दुकान आहे. चारी बाजूंनी स्टील, पितळ, ॲल्युमिनियम आणि मधोमध मी. या धंद्यात आवाज लागतो. गिऱ्हाईक भांडं वाजवून बघतं, आणि त्या आवाजावर आपला आवाज चढवावा लागतो. माझा असा काही चढलाय की सकाळी मी दुकानात शिंकलो तर विष्णुपुरीच्या धरणावरचे बगळे दुपारपर्यंत खाली उतरत नाहीत.

पण माझी खरी कमाई आवाजाची नाही, अक्षराची आहे. आमच्याकडं भांडं घेतलं की त्यावर नाव घालतात. लग्नकार्याला गल्लीतली सगळी भांडी एका मांडवात जमा होतात आणि कार्य उरकल्यावर बायका पातेली उलटीपालटी करून आपापलं नाव शोधत बसतात. नाव नसलेलं भांडं म्हणजे गावाचं भांडं. आता हे काम यंत्रानं होतं, घर्र घर्र करत दोन मिनिटांत. मी शिकलो तेव्हा एक टोकदार खिळा आणि एक लहान हातोडी, बस्स. ठिपक्याला ठिपका लावत अक्षर उठवायचं. तांदळाच्या दाण्यावर पूर्ण पत्ता घालून दाखवीन असं मी वीस वर्षं सांगतोय. अजून कुणी तांदूळ आणून दिला नाही, याला मी काय करू?

पहिलं नाव मी घातलं ते आमच्या अक्काच्या लग्नात. अक्का माझी थोरली बहीण, कंधारहून लातूरला दिलेली. आईनं तिला पितळेचं घंगाळ दिलं होतं. न्हाणीत आंघोळीचं पाणी काढायचं ते, दोन बाजूंना दोन जाड कड्या. केवढं? त्यात मी आणि एक वासरू एकदम बसलो असतो. वासरू राजी नव्हतं म्हणून राहिलं. आईनं मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाली, "माझं नाव घाल. खाली कंधार घाल. आन् त्याच्या खाली लिही, उसने नेल्यास परत आणून देणे."

"आई, एवढं कोण वाचतंय?"

"लातूरची माणसं लई हुशार असत्यात. हुशार माणसाला लिहूनच द्यावं लागतं."

मी ठोकत गेलो. शेवटच्या अक्षराला शिंक आली, खिळा सरकला आणि 'देणे'च्या मागं उंदराच्या शेपटीसारखी एक रेघ उमटली. मला वाटलं, आता पाठीत धपाटा. आई म्हणाली, "राहू दे. चोरानं नाव घासून काढलं तरी शेपटीवरून वळखू."

आई आता नाही. घंगाळ मात्र लातूरला अक्काच्या न्हाणीत ठाण मांडून होतं. माझ्या भाचीची, म्हणजे अक्काच्या एकुलत्या लेकीची, पहिली आंघोळ त्यातल्याच पाण्यानं झाली. गेल्या वर्षी त्याची एक कडी निखळली. लातूरला तांबट नाहीत असं नाही. पण अक्काचा भरवसा माझ्यावर. तिनं घंगाळ बसमध्ये चढवलं, कंडक्टरच्या ताब्यात दिलं आणि मला फोन केला, "कडी बसवून दे. घाई न्हाई."

घाई न्हाई म्हणाली, तिथंच घात झाला.

ऐन लगीनसराई होती. लोक घरातलं जुनं पितळ आणून आमच्याकडं तोलतात आणि त्या वजनाच्या भावात नवं स्टील घेऊन जातात. त्याला आम्ही मोड म्हणतो. माझ्या मागच्या खोलीत मोडीचा डोंगर झाला होता, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी, एका कडीचं, अक्काचं घंगाळ. ठोक व्यापाऱ्याचा टेम्पो आला. मी एकेक नग उचलून काट्यावर टाकत होतो आणि तोंडानं गिऱ्हाइकांना इस्लापूरकडच्या धबधब्याचा किस्सा सांगत होतो. त्या धारेखाली मी एकदा घागर धरली होती. घागर भरायच्या आधी मीच भरलो, आणि दोन दिवस माझ्या कानातून गार पाणी येत होतं. गिऱ्हाईक पोट धरून हसून राहिलं होतं. किस्सा असा रंगला की माझ्या हातांनी काय उचललं आणि काय टाकलं, ते माझ्या डोळ्यांना कळलंच नाही. टेम्पो गेला. संध्याकाळी केर काढताना मी पायथ्याकडं बघितलं. तिथं पितळेचा एक गोल हिरवट डाग होता, आणि घंगाळ नव्हतं.

व्यापाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, त्यानं निवडक नग बाजूला काढून पुढं विकले, बाकीचं वितळायला गेलं. कुठला नग कुठं, ते देवाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन. "बसली का कडी?"

मी म्हणालो, "तांबट आजारी हाय."

त्या दिवसापासून तांबट जो आजारी पडला तो वर्षभर उठला नाही. खरा तांबट धडधाकट होता. रोज दोनदा माझ्याच दुकानात बसून माझ्याच पैशानं चहा पीत होता आणि त्याला पत्ता नव्हता की लातुरात त्याच्या नावानं एक बाई हळहळते आहे.

मग भाची बाळंतपणाला माहेरी आली. अक्काचा फोन आला, आणि या खेपेला आवाज आईचा होता. "तांबट बरा होऊ दे न्हाई तर मरू दे. कडी असू दे न्हाई तर नसू दे. आईच्या घंगाळाबिगर मी लेकराला पहिलं पाणी घालणार न्हाई. दिवस भरत आलेत. ऐकून राहिलास ना?"

"हाव," मी म्हणालो.

आता माणसानं काय करावं? मी माझ्या हुशारीप्रमाणं केलं. त्याच मापाचं जुनं घंगाळ कुठूनतरी पैदा करायचं, त्यावर खिळ्यानं तेच नाव, तेच कंधार, तीच ओळ उठवायची, शेवटी शिंक द्यायची. हात माझाच. नक्कल कशी म्हणणार? पण एवढं मोठं जुनं घंगाळ बाजारात मिळेना. सगळी माझ्यासारख्यांनीच मोडीत घातली होती. शेवटी मोबाइलवर शोधायला बसलो आणि पाचव्या मिनिटाला टाळी मारून उठलो.

"अगं ए, घंगाळ सापडलं! एकशे पंच्याऐंशीला! एवढ्यात तर आपण डबा देत न्हाई!"

बायको पीठ मळत होती. तिनं पिठाचा हात लांब धरून मोबाइलमध्ये डोकावलं. "अवो, ती एस काढून मधून रेघ मारलेली दिसंना का? रुपये न्हाईत ते. डॉलर हायत."

"डॉलर? घंगाळ कुठलं?"

"भारतातलं म्हणतंय."

"इकणारा?"

"भारतातलाच."

"मंग हितलं घंगाळ हितल्याच माणसानं इकायला मधी डॉलर कुठून आला?"

"मला काय इचारता? सोळा हजाराच्या घरात जातंय. खाली बसा, चक्कर येईल."

मी बसलो नाही. दोन बोटांनी फोटो मोठा करत होतो. घंगाळ हिरवं-काळं पडलेलं. एक कडी आहे, एक नाही. पोटावर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं. बायको खालचं इंग्रजी वाचून मराठीत सांगत होती, "हातानं कोरलेला प्राचीन मंत्र. घरात समृद्धी आणतो..." आणि मी फोटो सरकवत मंत्राच्या शेवटाला गेलो. तिथं उंदराची शेपटी होती.

मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की समोरच्या गल्लीतली वीज गेली. ती भारनियमनाची वेळ होती असं लोक म्हणतात. म्हणोत.

बायकोनं साइटवरून निरोप टाकला, वस्तू प्रत्यक्ष बघायची आहे, कुठं यावं? अर्ध्या तासात पत्ता आला. लातूर. नुसतं लातूर नाही, अक्काच्या घरापासून तिसरी गल्ली. माझ्या आईचं घंगाळ लातूरहून नांदेडला आलं, नांदेडहून कुठकुठं फिरून पुन्हा लातूरला गेलं, आणि घरापासून तीन गल्ल्यांवर येऊन डॉलरात बसलं. जातिवंत जनावर घराच्या वाटेवर सुटतं तसं. आमच्या कंधारच्या लाल गाईंच्या अंगात हा गुण आहे. भांड्यांतही असतो हे मला ठाऊक नव्हतं.

पहाटेची बस धरली. पिशवीत खिळा आणि हातोडी टाकली. का टाकली ते विचारू नका, मी कुठंही जाताना टाकतो.

जिना चढून गेलो तर चाळिशीतल्या एक बाई दार उघडून उभ्या. पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या, आता वरच्या दोन खोल्यांत हा धंदा. भिंतीला लागून घागरी, समया, अडकित्ते, आणि कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर, नवरीसारखं बसवलेलं, आमचं घंगाळ. बुडाशी चिठ्ठी, $१८५.

मी धंदेवाईक माणूस. आधी जवळ गेलोच नाही. एक अडकित्ता उचलला, ठेवला. मग सहज म्हणालो, "ताई, तुम्ही लातूरच्या, मी नांदेडचा, आन् घंगाळ कंधारचं दिसतंय. मधी अमेरिका कुठून आली?"

"काका, चार महिने रुपयांत लावलं होतं. माणसं विचारायची, किलोनं द्याल का? ज्या दिवशी डॉलरात लावलं त्या दिवसापासून किलो हा शब्द माझ्या कानावर आला नाही."

हा टोला मला लागला. ते घंगाळ किलोनं कुणी विकलं होतं ते खोलीत एकट्या मला माहीत होतं.

"शेवटचा भाव सांगा."

"पहिला तोच शेवटचा. आणि परदेशातल्या एका बाईंनी मागितलंय. त्यांचे पैसे उद्या आले की परवा खोक्यात."

आता घासाघीस हा माझा प्रांत. मराठवाड्यात माझ्यासमोर भाव टिकवणारा माणूस अजून पाळण्यात आहे. पण रुपयात कसं, दोनशे म्हटलं की आपण नव्वद म्हणतो, जीभ आपोआप उतरते. डॉलरात नव्वद म्हणावं तरी ते आठ हजार होतात. कुठं उतरावं तेच कळेना. म्हणून मी शेवटचं हत्यार काढलं. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणून उठलो आणि निघालो. आमच्या बाजारात दहाव्या पावलाला दुकानदार हाक मारतो. मी जिना असा उतरलो की एकेक पायरी म्हणजे एकेक मुक्काम. हाक नाही. खाली रसवंती होती. एक ग्लास रस प्यालो. हाक नाही. दुसरा प्यालो. वर खिडकीत कुणी नाही. तिसऱ्या ग्लासानंतर पोटात घुंगरं वाजायला लागली तेव्हा मुकाट्यानं जिना चढलो.

बाई म्हणाल्या, "रस चांगला असतो ना तिथला?"

मी घंगाळासमोर मांडी घालून बसलो. "ताई, मंत्र काय लिहिलाय तेवढं वाचून दाखवा."

त्या जरा घुटमळल्या. "वाचलाय मी."

"वाचा की."

"उसने नेल्यास परत आणून देणे."

"समृद्धी येते म्हणं यानं?"

"काका, जगाला मंत्र पाहिजे, मी मंत्र दिला," असं म्हणाल्या खऱ्या, पण कान लाल झाले होते. "आणि हे मी उसनं नेलेलं नाही. रोख मोजून घेतलंय."

"मला ठावं हाय. इकणारा मीच होतो."

मग मी सगळं सांगितलं. अक्का, आई, कडी, टेम्पो, धबधबा. धबधबा थोडा लांबला. त्यांनी माझ्याकडं कागद सरकवला आणि म्हणाल्या, "अक्षर तुमचं आहे ना? लिहा." मी म्हणालो, कागदावर माझं अक्षर कुत्रं ओढत नेल्यासारखं आहे, पितळ द्या. त्यांनी एक फुटका तांब्या दिला. मी खिळा-हातोडी काढली आणि ती ओळ उठवली. तांब्या घंगाळाशेजारी धरला. तीच मात्रा, तोच 'ण', फक्त शेपटी नव्हती. मी म्हणालो, "शिंक येऊन न्हाई राहिली." तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या.

पण गणिताच्या बाई. हसून सोडतील तर शपथ. "तुमच्याकडं मोड येते ना? नावं कोरलेली?"

"नावं कोरलेली."

"असे सात नग. निवडणार मी."

मी आयुष्यभर जुनं घेऊन नवं दिलं. त्या बाईनं माझ्याकडून सात जुनी घेऊन एक जुनं दिलं, तेही माझंच. सातांवरून पाचांवर आणायचा मी प्रयत्न केला. ते नऊ झाले. मग मी सातावर हात जोडले.

"पण एक ऐका," उठताना मी म्हणालो. "मंत्र लिहू नका. जे लिहिलंय तेच सांगा लोकांना."

त्यांनी पुढं तसं केलं. कुणाच्या मांडवात भांडं हरवू नये म्हणून आमच्या बायका काय काय लिहून घेतात ते इंग्रजीत सविस्तर लिहिलं. आता त्याच घागरी दोनशे चाळीस डॉलरला जातात. मला कळवतात आणि चिडवतात.

घंगाळ डोक्यावर घेऊन मी तीन गल्ल्या ओलांडल्या. दारात अक्का तांदूळ निवडत होती. आत पलंगावर भाची, पोटाचा नगारा घेऊन.

"मामा आला!" भाची ओरडली.

अक्कानं सूप खाली ठेवलं. "आलास? तांबट बरा झाला वाटतं."

"झाला," मी म्हणालो.

तिनं घंगाळ उतरवून घेतलं. उजवीकडून फिरवलं. एक कडी. डावीकडून फिरवलं. कडी नाही.

वर्षभर मी काय विसरलो होतो ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"तांबट बरा झाला, पर हात आजारीच हायत का त्याचे?" असं म्हणून तिनं घंगाळ उलटं केलं. भाचीनं मान लांब केली आणि बुडाची चिठ्ठी वाचली, "आई, यावर डॉलर लिहिलेत. एकशे पंच्याऐंशी."

माझ्या पोटात तीन ग्लास रस होता आणि डोक्यात एक नामी किस्सा तयार होत होता. तांबट उपचाराला अमेरिकेला गेला होता आणि घंगाळ उशाला घेऊन... मी तोंड उघडलं.

"मिट ते," अक्का म्हणाली. "मला पहिल्याच दिशी कळलं व्हतं."

"काय?"

"हरवलंय म्हणून. तू खरं बोलतोस तवा फुगवतोस. तांबट खरंच आजारी असता तर त्याला साप चावला असता, सापाला चार तोंडं असती, आन् दवाखान्यात तूच त्याला खांद्यावर नेला असता. तू म्हणालास, तांबट आजारी हाय. तीन शब्द. फोन ठेवला आन् रडले मी."

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. एवढ्या वर्षांत एवढा नागडा कधी उभा नव्हतो. मग खरं तेवढं सांगितलं, न फुगवता, आणि ते फार लवकर संपलं.

"मंग वर्षभर इचारीत का व्हतीस?"

"तू हुडकावं म्हणून. गप बसले असते तर तू इसरला असतास." तिनं चिंच भिजत घातली. "बस हितं. घास."

मी राख आणि चिंच घेऊन न्हाणीत बसलो. ज्या हिरव्या-काळ्या थराला परदेशातल्या बाई भुलल्या होत्या तो माझ्या हाताखाली वाहून जात होता. भाची पलंगावरून मोजत होती, "मामा, वीस डॉलर गेले! चाळीस!" शेवटी आईचं नाव लख्ख वर आलं तेव्हा ते घंगाळ जगाच्या बाजारात किलोच्या भावाचं उरलं होतं आणि अक्कानं पदरानं त्याचं पोट पुसलं.

कडी लातूरच्या तांबटानंच बसवली, पाऊण तासात. आठव्या दिवशी भाचीला मुलगी झाली. तिचा आवाज माझ्यावर गेलाय. दवाखान्यात डॉक्टरांनी कानात कापूस घातला होता, हवं तर विचारा.

पहिल्या पाण्याच्या दिवशी अक्कानं घंगाळ न्हाणीच्या दारात ठेवलं, बंबावर पाणी चढवलं आणि मला म्हणाली, "खिळा हाय का पिशवीत?"

"हाय की. लेकीचं नाव घालू?"

"नाव बारशाला ठरंल. आईच्या वळीखाली अजून एक वळ घाल."

"सांग."

"दुरुस्तीस भावाकडे देणे नाही."

मी अक्काकडं बघितलं. ती हसत नव्हती. आतून भाची हसत होती, आणि लेकरू माझ्या आवाजात रडत होतं. मी घंगाळ मांडीवर आडवं घेतलं, हातोडी उचलली आणि ठिपक्याला ठिपका लावत गेलो.

"'भावाकडे' जरा ठळक घाल," अक्का मागून म्हणाली. "गल्लीतल्या बाया न्हेतील तवा सगळ्यांना वाचता आलं पाहिजे."